फाइल बदलली, तरी दिसते जुनीच!

फाइल दुरुस्त करून तुम्ही सेव्ह केली आणि पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "माझ्याकडे तर जुनंच दिसतंय!" तुमच्या ऑफिसात होतं का असं? आमच्याकडे होतं, आणि पहिला संशय माणसावरच जातो. मी बीए इंग्लिश झालेली, कंटेंट लिहिणारी मुलगी. सर्व्हरबिर्व्हर माझा प्रांत नाही, पण मिठाच्या एका चमच्यापायी हे शिकावं लागलं.

लहान मुलांच्या जुलाबावरचा लेख होता. घरी करायच्या साखर-मीठ-पाण्याचं प्रमाण असं: 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आलेल्या मजकुरात मात्र मीठ 'दीड चमचा' होतं. एवढं मीठ बाळाच्या जिवावर बेतू शकतं. मी ते बदललं, फाइल बंद केली आणि आमच्या डिझायनरला, अण्णाला, हाक मारली. त्याने लगेच प्रीव्ह्यू रिफ्रेश करून पान बनवलं आणि ताईंकडे पाठवलं.

पानावर दीड चमचा!

ताई अण्णावर चिडल्या. अण्णा बेंगळुरूचा, मराठी जेमतेम वाचणारा. "त्याला फरक कळलाच नसेल," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मला ते लागलं. अण्णा काही बोलला नाही, फक्त स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिथे खरंच दीड होतं. माझ्या स्क्रीनवर अर्धा. फाइल तीच, फोल्डर तोच.

सिस्टिम बघणाऱ्या सरांनी मग समजावलं. आमचा सामायिक फोल्डर एनएफएसवर चालतो. ही पद्धत 1984 साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने आणली. यात फाइल असते सर्व्हरवर, पण प्रत्येक कॉम्प्युटर वेग राखण्यासाठी वाचलेला मजकूर, फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ आपल्याजवळ लक्षात ठेवतो. हीच कॅशे. डब्यात साखर किती, हे आपण दर वेळी झाकण उघडून बघतो का? सकाळी पाहिलेलं लक्षात असतं. मधल्या वेळेत सासूबाईंनी शिरा केला, तर आपला अंदाज चुकतो. तसंच हे.

लिनक्सवर काही वेगळं ठरवलं नसेल, तर फाइलची ही माहिती कमीत कमी 3 सेकंद आणि जास्तीत जास्त 60 सेकंद खरी मानली जाते. फाइल बराच वेळ बदलली नसेल, तर कॉम्प्युटर निवांत होतो आणि पुन्हा विचारायला जास्त वेळ घेतो. फोल्डरसाठी हाच काळ 30 ते 60 सेकंद. म्हणून नवी फाइल टाकली तरी दुसऱ्याला ती क्षणभर 'नाहीच' असं दिसू शकतं.

पण एक नियम आपल्या बाजूने आहे. लिहिणाऱ्याने फाइल बंद केली आणि वाचणाऱ्याने त्यानंतर ती नव्याने उघडली, तर उघडताना सर्व्हरला विचारलं जातं. अण्णाकडे ती सकाळपासून उघडीच होती. त्याने बंद करून उघडली आणि अर्धा चमचा आला.

तुमच्याकडे असं झालं तर आधी दोघांनीही फाइल बंद करा, मग उघडा. दोन्हीकडे फाइलचा आकार आणि वेळ जुळते का बघा. मिनिटभर थांबूनही जुळत नसेल, तर दोघं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये तर नाही ना, हे तपासा. (हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.) आकार-वेळ जुळूनही मजकूर जुना असेल, तर ते सॉफ्टवेअर आधी वाचलेलंच दाखवत असणार. 'स्टेल फाइल हँडल' असा संदेश आला, तर दुखणं वेगळं: तुम्ही धरून ठेवलेली फाइल सर्व्हरवर कुणीतरी पुसली किंवा तिच्या जागी दुसरी ठेवली. तेव्हाही फाइल नव्याने उघडून बघा. नाहीच जमलं तर फोल्डर पुन्हा जोडावा लागतो. ते काम सरांचं.

मी सरांना विचारलं, ही आठवण बंदच करून टाकली तर? करता येते म्हणाले, पण मग बारीकसारीक गोष्टीसाठी सर्व्हरकडे धाव आणि सगळं मंद. आम्ही ती चालूच ठेवलीय. ताई अण्णाशी स्वतःहून बोलल्या. आणि आता औषध किंवा प्रमाण असलं की पान पाठवण्याआधी अण्णा आकडे मोठ्याने वाचतो, त्याच्या कानडी हेलात, आणि मी माझ्या स्क्रीनवर जुळवते.