टीडीएसराव

आमच्या सदर भागातल्या घरात हे राव आले ते फिल्टरवाल्याच्या खिशातून. पांढरं, पेनासारखं अंग. टोपण काढलं की खाली टाचणीएवढे दोन पाय. पाय पाण्यात बुडवले, बटण दाबलं, की छातीवरच्या खिडकीत आकडा. बोलणं एवढंच, पण इतक्या ठामपणे आमच्याकडे कुणी बोलत नाही. खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले सासरेसुद्धा नाहीत.

नळाच्या, म्हणजे नर्मदेच्या पाण्यात ते 190 बोलले. “देखिए भाभीजी,” फिल्टरवाला हळहळला, जणू घरात कुणाचा रिपोर्ट वाईट आला होता. मग त्याच्या मशीनच्या पाण्यात 22. सौदा तिथेच पटला. पिण्याच्या पाण्याच्या 2012 सालच्या आयएस 10500 या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांना, म्हणजे टीडीएसला, लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, हे राव थोडेच सांगणार! फिल्टरवाला त्यांना आमच्याकडेच ठेवून गेला. ‘गिफ्ट’ म्हणून.

त्यानंतर राव घरभर फिरले. माठ, तांब्या, कूलर. एकदा सासूबाईंच्या तीर्थातही पाय घालायला निघाले होते; हातावर फटका बसला, माझ्या.

दिवाळीत चिपळूणची भाची आली. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. तिने फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. राव दीड हजारावर ओरडले. दुसऱ्या पेल्यात दोन चमचे साखर ढवळली. राव शांत. 22.

“वीज वाहते का, एवढंच बघतात हे,” भाची म्हणाली. “साखरेतून ती वाहत नाही. कीटकनाशकं, सॉल्व्हंट यांचंही बरंचसं तसंच.”

मग ती पीएफओएवर आली. टेफ्लॉनच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरलेलं रसायन. पाणी उकळून जात नाही, शरीरातून लवकर निघत नाही. इटलीत त्रिसिनोच्या कारखान्यातून हे आणि याची भावंडं साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या पाण्यात उतरली. 2018 मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं आणि त्याची यंत्रं आली कुठे, तर तिच्या घराशेजारी, लोटे परशुरामला. अमेरिकेने 2024 मध्ये पीएफओएला लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या त्या मानकात त्याला रकानाच नाही. (क्षारांना आहे. वासालाही आहे.)

“आणि रावांना किती दिसतं?” मी विचारलं.

“त्यांचा सगळ्यात छोटा आकडा 1. म्हणजे लिटरमागे दहा लाख नॅनोग्रॅम.”

मी फिल्टरच्या हप्त्यांचा हिशेब करत गप्प बसले. मशीनची जाळी यातलं बरंच अडवते म्हणे, पण अडवलं की नाही हे घरात विचारायचं कुणाला? राव ओट्यावर टोपण घालून आडवे झाले होते.

सासूबाई आल्या. साखरेचा पेला उचलला, वाया कशाला घालवायचा म्हणून पिऊन टाकला आणि म्हणाल्या, “सरबतात लिंबू राहिलं गं.”