चालत्या घराची इंधन-वही

कोल्हापुराहून आंबा घाट उतरून रत्नागिरीस यावे, तर सह्याद्रीची हिरवी भिंत मागे पडते आणि साखरपा, पाली, हातखंबा ही गावे ओलांडता ओलांडता वाऱ्याला खारट वास येऊ लागतो. हा प्रवास आम्ही निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोटारीतून, म्हणजे एका चालत्या घरातून केला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यापासून पुष्कळ कुटुंबांस या प्रवासाचे आकर्षण वाटू लागले आहे.

परंतु घर बरोबर घेतले की घरातील हिशेबाची वहीही बरोबर येते. लिटरमागे गाडी किती चालली हे टिपण्यात काही हशील आहे काय, यावरून आमच्या मंडळीत दोन पक्ष पडले. डिझेल लागायचे तेवढे लागणारच, असे एकाचे म्हणणे. दुधाचा रतीब मांडून ठेवणाऱ्यांनी हजारोंचा खर्च अंदाजावर का सोडावा, असे दुसऱ्याचे.

रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी, अंतराचा आकडा टिपावा. पुढच्या खेपेस पुन्हा पूर्ण भरून मधल्या किलोमीटरांस नव्याने भरलेल्या लिटरांनी भागावे. मात्र एका खेपेवरून निवाडा करू नये. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, आणि रत्नागिरी तर सागराच्या कुशीत. येताना उतार उसने देतो, जाताना चढ ते वसूल करतो. साडेतीन टनांची गाडी एवढी उंच चढवण्यास, इंजिनात उष्णतेच्या रूपाने जाणारा वाटा धरून, सुमारे पावणेदोन लिटर डिझेल निव्वळ चढाईपायी लागते. म्हणून जाण्यायेण्याचा हिशेब एकत्रच करावा.

असा हिशेब काही महिने ठेवला म्हणजे तो गाडीची नाडी दाखवू लागतो. वाट तीच, ओझे तेच, आणि सरासरी मात्र उतरली, तर चाकांतील हवा कमी झाली असेल, हवेची जाळी तुंबली असेल किंवा ब्रेक घासत असतील. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझे, हेही मग ध्यानात येते. उंच गाडीला वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; सबब सावकाश चालवणे हीच मोठी बचत.

वाट निवडण्यातही लाभ असतो. जयगडहून तवसाळला मोटारी जलवाहनातून खाडीपार जातात आणि गुहागरचा लांब वळसा वाचतो. कोकण रेल्वे तर १९९९ पासून भरलेले ट्रकच आगगाडीवर चढवून नेते. ज्यांचे पोट इंधनावर अवलंबून आहे, त्यांना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

तथापि वहीला तिची मर्यादा असावी. आमच्याबरोबर वृद्ध आत्याबाई होत्या. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. वाकडी वाट पडते, असे पेन्सिल हाती असलेल्या तरुणाने सांगताच त्या काही न बोलता खिडकीबाहेर पाहू लागल्या. आम्ही गाडी पावसकडे वळवली. चालते घर घ्यायचे ते वृद्धांना त्यांच्या अंथरुणासकट तीर्थास नेता यावे म्हणूनच ना? त्या किलोमीटरांची नोंद वहीत जरूर करावी. पण ते वाया गेले असे मात्र लिहू नये.