मुळशीच्या पावसातील राशिचक्र

पौड मागे टाकून ताम्हिणीची वाट धरली, म्हणजे मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटादिकांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच धरणाचे हे पाणी. काठच्या एका गावी आमच्या स्नेह्यांचे घर आहे. गेल्या श्रावणात आम्ही तेथे गेलो, ते त्यांचा चित्रसंग्रह पाहण्यासाठी.

बारा राशींची छापील चित्रे जमविणे हा या गृहस्थांचा चाळीस वर्षांचा छंद. जुन्या पंचांगांची पृष्ठे, शिळाछापाचा बारा सुट्या तक्त्यांचा एक संच आणि आल्फोन्स मुखा याच्या १८९६ सालच्या राशिचक्राची प्रतिकृती, असा हा ठेवा आहे. मुखा जन्माने झेक. नावारूपास आला तो पॅरिसमध्ये. अलंकारमंडित तरुणी व तिच्या मस्तकामागे राशींचे वलय, असे ते चित्र. तेही मुळात दिनदर्शिकेसाठीच काढलेले!

चित्रे शेजारी मांडली असता मौज दिसते. युरोपीय मकर म्हणजे मत्स्यपुच्छ बोकड. आमच्या वराहमिहिराने बृहज्जातकात त्यास मृगाचे मुख दिले आहे. त्याची कन्या धान्य व अग्नी घेऊन नौकेत उभी, तर मिथुनातील स्त्रीपुरुषांच्या हाती वीणा व गदा. तथापि त्याच ग्रंथात मेषास ‘क्रिय’, वृषभास ‘तावुरि’ व सिंहास ‘लेय’ ही नावे येतात आणि ती मूळची ग्रीक होत. राशी परदेशातून आल्या. त्यांना रूप मात्र आपल्या पूर्वजांनी आपल्या मनाजोगे दिले.

असा संग्रह विरळा, कारण गुढीपाडवा उलटला की जुने पंचांग रद्दीत जाते. त्यातून येथील पाऊस! भिंतींना ओल येते, कागदास बुरशी लागते. स्नेही चित्रे पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवतात व दसऱ्यानंतर उन्हे दाखवितात.

परंतु पावसाहून मोठे संकट घरातच उभे होते. तिघां पुत्रांची बिऱ्हाडे तीन गावी. प्रत्येकाने चार चार तक्ते न्यावे, असा बेत ठरत होता. वाटणी न्याय्य, यात शंका नाही. तेव्हा थोरल्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, चार राशी घेऊन कोणाचे वर्ष पुरे होणार?” यावर कोणीच बोलले नाही.

दिनकर केळकरांनी जन्मभर जमविलेला संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. म्हणून तो आज पुण्यात कोणासही पाहता येतो. आम्ही हा दाखला दिला. अखेर संच न फोडता यादी करावी व पुढे तो एखाद्या वस्तुसंग्रहालयास द्यावा, असे ठरले. यादीचे काम सूनबाईंनी त्याच संध्याकाळी आरंभिले. वाचकहो, आपल्या माळ्यावरही जुनी पंचांगे असतील. रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी ती एकवार चाळून पाहावी, एवढीच विनंती.