उन्हाळ्यातील एक शनिवार

वैशाखात खर्ड्याची पेठ दुपारी बारानंतर मुकी होते. किल्ल्याची दगडी तटबंदी दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही. मैदानी प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, की हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते.

त्या शनिवारी घरात नित्याचीच कामे होती. सकाळी पाणी गाळून उकळले, गच्चीवर पक्ष्यांसाठी मातीची भांडी भरली, दुकानाबाहेरच्या माठाला ओले फडके गुंडाळले. प्रश्न सायंकाळचा होता. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांचा चौविहार वर्षानुवर्षांचा. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. दुपारी त्यांना भोवळ आली. वृद्धांना तहान उशिरा जाणवते, म्हणून रात्रीही पाणी द्या, असे डॉक्टरांनी बजावले. यजमान गप्प झाले. आईला नियम सोड असे कोणत्या तोंडाने सांगावे?

वाट शास्त्रातच होती. अशन, पान, खादिम, स्वादिम या चारही आहारांचा त्याग तो चौविहार. पाणी तेवढे राखून उरलेल्या तिन्हींचा त्याग तो तिविहार. बराच वेळ विचार करून सासूबाईंनी उन्हाळ्यापुरते तिविहाराचे पच्चक्खाण घेतले. "तहान मी सोसीन, पण तुम्हां सर्वांचा जीव टांगणीला लावणे हीदेखील हिंसाच," एवढेच त्या म्हणाल्या.

असे वडीलधारे घरोघरी आहेत. त्यांच्याशी हुज्जत न घालता, गुरुमहाराजांचा सल्ला घेऊन, भोवळ येण्याआधीच हा विषय काढावा.