कुंचीआधी कौदी

‘कूसु हुट्टुव मुंचे कुलावि’ ही म्हण आपल्या भागातल्या घरांत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बाळ जन्मायच्या आधीच त्याची कुंची शिवायला बसलेल्या उतावळ्या माणसाला कानडीत असे म्हणतात. मराठीत अशा वेळी आपण ‘बाजारात तुरी’ म्हणून हसतो. पण कानडी म्हणीत हसण्याच्या आड थोडी भीतीही आहे. पोटातल्या जिवासाठी आधीपासून काही करून ठेवू नये, दृष्ट लागते, ही समजूत दोन्ही भाषांतल्या आज्यांची सारखीच. गेल्या आठ महिन्यांत ही म्हण मी बेळगावहून येणाऱ्या फोनवर कितीदा ऐकली, त्याचा हिशेब नाही.

माझे माहेर बेळगावातले वडगाव. मागांच्या खटखटीतच आम्ही भावंडे वाढलो. आईची आई गोकाककडची. ती मराठी बोलायची, पण मोजायची कानडीत. ओंदु, एरडु, मूरु म्हणत टाके घालायची. कौदी मी तिच्याकडून शिकले. सासर ग्वाल्हेरच्या हजिऱ्यात. ग्वाल्हेरचे मराठी म्हटले की लोकांना शिंदे सरकार, लष्करातले वाडे आणि गाणे आठवते. आमची मंडळी मात्र गिरणीतली. १९२१ साली सुरू झालेल्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत जे.सी. मिलमध्ये, आजेसासरे लागले आणि सासरेही तिथेच होते. गिरणी १९९० च्या दशकात बंद पडली, तरी या भागाचा पत्ता अजून तिच्याच नावाने सांगतात.

आपण जिला वाकळ किंवा गोधडी म्हणतो आणि कानडीत कौदी, तिला इथल्या शेजारणी कथरी म्हणतात, कुणी गुदडी. नावे निराळी, पण काम एकच. जुने सुती कापड थरावर थर घालायचे आणि धावदोऱ्याने गच्च धरायचे. लग्न होऊन आले तेव्हा माझे हिंदी बेताचे होते. ओसरीत कौदी पसरून बसले की बायका आपोआप शेजारी येऊन बसायच्या. त्यातूनच ओळखीपाळखीत वाकळी शिवून देण्याचा नाद लागला.

या खेपेला दिवस राहिल्याचे कळले तेव्हा हातात दोन कामे होती. एक नणंदेच्या लग्नासाठीची मोठी वाकळ, आणि दुसरी शेजारच्या दादींची. त्यांच्या यजमानांची धोतरे त्यांनी जपून ठेवली होती आणि त्यांची कथरी त्यांना हवी होती. तिसरे काम ट्रंकेत तळाशी होते. ते एका बाळाचे, अर्धवट राहिलेले.

तीन वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा दिवस राहिले होते. हौसेने मी लगेच अडीच फूट बाय तीन फुटांची छोटी कौदी घातली. चार ओळी झाल्या असतील, तिसरा महिना संपायच्या आतच सगळे संपले. समाचाराला आलेल्या बायकांपैकी एकीने विचारले, “ग्रहणात सुई तर नव्हती ना धरलीस?” डॉक्टरीणबाईंनी मला नीट बसवून सांगितले, की पहिल्या तीन महिन्यांतले असे प्रसंग बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे घडतात. सुई, कात्री, ग्रहण यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. डोक्याला ते पटले. हात मात्र पुढे वर्षभर सुईकडे गेला नाही.

म्हणून आईने फोनवर “सुई घेऊन काय करालीस? ठेव ती बाजूला,” म्हटले की मला राग यायचा नाही. ती म्हण सांगायची आणि मी ऐकून घ्यायचे. सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. बाळ जानेवारीत यायचे. त्या दिवसांत ग्वाल्हेरचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. “थंडी काही म्हण ऐकत नाही,” त्या म्हणाल्या. मग मीच एक ठरवले. दोन कामे ठरल्याप्रमाणे पुरी करायची आणि बाळाच्या कौदीचे नावही काढायचे नाही.

गरोदरपणात हे काम कसे निभावले, असे मैत्रिणी विचारतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते. पहिले तीन महिने शिवण जमलेच नाही. जुन्या कपड्यांच्या वासानेच उमळून यायचे. बाहेर एप्रिल-मेची लू. त्या उन्हाचा मी उपयोग करून घेतला. धोतरे आणि साड्या धुऊन गच्चीवर टाकायच्या, तासाभरात कडकडीत वाळायच्या. मग विरलेला भाग बाजूला काढायचा, काठ-पदर वेगळे करायचे. हे बसून, सावकाश होणारे काम. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कापड बाळासाठी मुळीच घेऊ नये. काही नवजात बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते. अशा बाळांच्या रक्तपेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. आपल्याकडे बाळाचे कपडे हमखास ट्रंकेत, गोळ्यांच्याच वासात असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

चौथ्यापासून सातव्या महिन्यापर्यंतचा काळ कामाचा. अंगात हुशारी असते, पोट आड येत नाही. नणंदेची वाकळ या काळात झाली. जमिनीवर मांडी घालून वाकायचे नाही, हा नियम मी पहिल्या दिवशीच घालून घेतला. पाठीला भिंत, पायाखाली पाट, मांडीवर वाकळीचा घेतलेला तेवढाच भाग. अर्धा तास झाला की उठून चार फेऱ्या. मोठी वाकळ मांडीवर घेतली की गरम फार होते, म्हणून ती सकाळी. दादींची हलकी कथरी दुपारी. काम संपले की सुया मोजून डबीत. रांगते बाळ यायच्या आधीच ती सवय लागलेली बरी.

आठव्या महिन्यात हाताला मुंग्या येऊ लागल्या, रात्री बोटे बधिर व्हायची. गरोदरपणात अंगावर सूज येते, तेव्हा मनगटातली शीर दाबली जाऊन असे होते आणि बाळंतपणानंतर सहसा थांबते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा दिवसाला दोनच ओळी, असे ठरवले. दादींची कथरी दिवाळीनंतर पुरी झाली. त्यांनी ती नाकाशी धरली, घडी केली आणि काही न बोलता घेऊन गेल्या.

रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, आमच्या अज्जीच्या भाषेत तवरुमनेला जायची. पण रक्तदाब थोडा वर होता, लांबचा प्रवास नको म्हणून सांगितले गेले. म्हणून आईच गोवा एक्स्प्रेसने आली, एक रात्र आणि अख्खा दिवस बसून. तेव्हा हजिऱ्यात तानसेन समारोहाचे दिवस होते. २०२४ साली या समारोहाचे शंभरावे वर्ष साजरे झाले. तानसेनाची समाधी आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी. तिथल्या चिंचेची पाने खाल्ली की गळा गोड होतो म्हणून गवई ती पाने खातात. आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, “गळ्याचं राहू दे, पोटुशीला चिंच आवडते एवढं मला माहीत आहे.” 

सामान उघडल्यावर तिच्या पिशवीतून खणांच्या चोळ्यांचे तुकडे आणि अज्जीचे सुती इरकल निघाले. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. मी तिच्याकडे बघत राहिले. “बाळासाठी नाही आणलेलं,” ती घाईघाईने म्हणाली, “तुला पाठीला घ्यायला आणलंय.” सासूबाई आत गेल्या आणि आजेसासऱ्यांच्या वेळचा जे.सी. मिलचा पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा घेऊन आल्या. “हे पण पाठीलाच,” म्हणाल्या. दोघी हसल्या.

त्या दुपारी मी ट्रंकेतली ती अर्धवट कौदी बाहेर काढली. तिचे काय करायचे, हा प्रश्न तीन वर्षे माझ्यापाशी होता. उसवायचे मन होत नव्हते आणि पुढे शिवायचेही नव्हते. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “आत घाल.” जुनी वाकळ नव्या वाकळीच्या पोटात घालणे ही सगळीकडचीच रीत. ठिगळावर ठिगळ घेण्यापेक्षा जुन्याचा थर करून वरून नवे अस्तर चढवायचे. खाली गिरणीचे कापड, मध्ये ती चार ओळींची कौदी, वर अज्जीचे इरकल. आईने स्वतः कडा जुळवून टाचून दिल्या. म्हणीचे नाव तिने काढले नाही. मीच म्हटले, “म्हण कुलावीची आहे, कौदीची नाही. कुंची नवीन कापडाची असते. कौदीत नवे काय असते?” आई म्हणाली, “ते तुझं तू बघ,” आणि सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिला.

पोट आता आड येते, म्हणून काम हळू चालते. कौदी कडेने सुरू करून फेऱ्या घेत मध्याकडे यायची, ही अज्जीची पद्धत. चारही कोपऱ्यांवर खणाचे त्रिकोण बसले आहेत. थर मी मुद्दाम तीनच ठेवले, कारण लहान बाळाला जाड पांघरूण घालू नये आणि झोपताना तोंडाजवळ मऊ, सैल कापड असू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. वर्षभर तरी ही कौदी पांघरायला नाही. बाळ जागे असताना आमच्या डोळ्यांसमोर तिच्यावर पालथे पडेल, तेल लावायच्या वेळी खाली अंथरता येईल. थंडीसाठी अंगाला बसणारे गरम कपडे आणि टोपडी सासूबाई बाजारातून आणतील, तीही बाळ झाल्यावरच. तेवढी म्हण आम्ही पाळणार आहोत.

मध्यभागी वीतभर जागा अजून कोरी आहे. ती बारशापर्यंत तशीच राहील. शेवटच्या ओळी दोन्ही आज्यांनी घालायच्या, असे ठरले आहे. टाके कोणत्या भाषेत मोजायचे, यावर मात्र त्यांचा रोज वाद चालतो.