टिंगूचं दूध तोडताना

मेंढरू म्हणजे गवत खाणारं जनावर, हे आपल्याला बालवाडीपासून माहीत असतं. पण बाटलीवर वाढलेल्या कोकराला गवत खायला शिकवावं लागतं, आणि त्यात घाई झाली तर कोकरू हातचं जाऊ शकतं, हे मी ऑफिसच्या कॅंटीनमध्ये सांगितलं तेव्हा समोरच्यांनी चहा थांबवून माझ्याकडे पाहिलं. तर आज त्याबद्दल. कोडिंगवाली पोस्ट पुढच्या शनिवारी, नक्की!

आमचं गाव फर्दापूर. अजिंठ्याची लेणी बघायला जाताना जिथे आपली गाडी सोडून शटल बस धरावी लागते, तेच. टुरिस्ट लोक टी-पॉइंटवरून पुढे जातात. गाव, मागची शेतं, कपाशी आणि मका त्यांना दिसत नाही. कपाशी उपटून झाली की काका दरवर्षी शेतात मेंढ्या बसवतात. धनगरांचा वाडा चार-सहा रात्री मुक्काम करतो, शेताला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य-पैसे मिळतात. यंदा जानेवारीअखेर वाडा उठला तेव्हा दोन कोकरं आमच्याकडे राहिली. एकाची आई गेलेली, दुसरं जुळ्यातलं, आईला दूध पुरेना. रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या कळपात अशा पिल्लाचा निभाव लागणं कठीण. मादीचं नाव अर्थातच डॉली, कारण नाव ठेवायचं काम माझ्याकडे होतं (१९९६ सालची ती स्कॉटलंडची क्लोन केलेली मेंढी आठवतेय ना?). नराचं नाव काकूने ठेवलं, टिंगू.

जुळ्यांवरून आठवलं. आपल्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल मेंढीपासून जुळी देणारा जीन दख्खनीत आणला, त्या जातीचं नाव नारी सुवर्णा. जादा कोकरू म्हणजे जादा उत्पन्न, पण जादा तोंडही. दूध कमी पडलं की बाटली आलीच.

बाटली हा सोपा भाग. घरची म्हैस होती, आणि मेंढीच्या दुधात फॅट भरपूर असल्याने म्हशीचं दूध गाईच्या दुधापेक्षा त्याला जास्त जवळचं. काकूने दिवसातून चार वेळा कोमट दूध पाजून दोघांना उभं केलं. पण हे दूध डेअरीत जाणारं दूध होतं. काका दर आठवड्याला आकडा सांगायचे, काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मार्चअखेर दोन महिने भरले. एका नातेवाइकाने सल्ला दिला, "दोन महिन्याचं झालं की दूध तोडायचं, झटक्यात. भूक लागली की आपोआप खातं." सोमवारी बाटली बंद. बुधवारी रात्री काकूचा फोन. "डॉली कुटार चघळते रे, पण टिंगू काहीच खात नाही. दाराशी उभा राहून ओरडतो नुसता. आता तर ओरडणंही बंद झालंय."

मी शुक्रवारी रात्रीची बस धरली. त्याआधी दोन रात्री वाचत बसलो, आणि जे कळलं ते फारच इंटरेस्टिंग आहे.

मेंढीच्या पोटाला चार कप्पे. सगळ्यात मोठा कोटीपोट, म्हणजे रूमेन. पण जन्मलेल्या कोकराचं कोटीपोट लहानसं आणि जवळजवळ बंद असतं. कोकरू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी एक खाच मिटून तिची नळी होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जातं. चक्क बायपास! म्हणजे नुसत्या दुधावर ठेवलं तर कोटीपोटाला काही काम मिळत नाही, आणि ते तयारच होत नाही.

ते तयार कशाने होतं? १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वासरांवर प्रयोग झाले. कोटीपोटात प्लॅस्टिकचे स्पंज भरले तर पोट आकाराने वाढलं, पण आतल्या भिंतीवरचे शोषण करणारे बारीक कोंब वाढले नाहीत. ते वाढले ब्युटिरेटसारख्या आम्लांनी, जी दाणा आंबताना आतले जंतू तयार करतात. थोडक्यात, दाणा कोंब वाढवतो आणि चारा पोटाचा आकार नि स्नायू. दोन्ही हवं, आणि दूध चालू असतानाच हवं.

आमच्याकडे जुनी सिस्टिम बंद करायच्या आधी नवी तिच्या शेजारी चालवून बघतात. नवी लोड पेलते हे दिसल्याशिवाय जुनीचा स्विच कोणी बंद करत नाही. टिंगूच्या बाबतीत नवी सिस्टिम इन्स्टॉलच झालेली नव्हती.

शनिवारी सकाळी ताणकाट्याला पोतं बांधून दोघांना तोललं. डॉली आठ किलोच्या वर, टिंगू साडेसहाला टेकलेला. ढोबळ नियम असा की जन्माच्या वजनाच्या निदान अडीच-तीन पट भरल्याशिवाय दूध तोडू नये. टिंगू आला तेव्हा तीन किलोच्या आतबाहेर होता. कॅलेंडरप्रमाणे तो तयार होता, काट्याप्रमाणे नव्हता.

काकूने त्याच मिनिटाला बाटली काढली. काका काही बोलले नाहीत.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. दिवसाला तीन बाटल्या, आठवड्याने दोन, मग फक्त संध्याकाळची एक. दूध पिऊन झालं की तोंड चोखायच्या मूडमध्ये असतं, तेव्हाच बोटाने चिमूटभर खुराक तोंडात. मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा, थोडं खनिज मिश्रण. रोज ताजं, उरलेलं म्हशीला.

आमचा भाग कपाशीचा, त्यामुळे घरात सरकी पेंड असतेच आणि हात आधी तिकडे जातो. पण सरकीत गॉसिपॉल असतं. मोठ्या जनावराचं कोटीपोट ते बऱ्यापैकी निकामी करतं, कोकराचं कोटीपोट तयारच नसल्याने त्याला ते बाधू शकतं. म्हणून सरकी बंद.

दुसरं, पाणी. "दूध पितंय, पाणी कशाला?" असं वाटतं. पण दूध बायपासने जातं, कोटीपोटात पोचत नाही. तिथल्या जंतूंना पाणी हवं, ते भांड्यातूनच मिळणार.

तिसरं, गुरू. कोकरू काय खायचं हे आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन शिकतं. टिंगूची आई म्हणजे काकू, आणि काकू कुटार खात नाही! मग शेजारचं तीन महिन्यांचं करडू आणून सोबत बांधलं. ते तुरीच्या भुशावर तुटून पडायचं. चौथ्या दिवशी टिंगूनेही त्यात तोंड घातलं, असं फोनवर कळलं.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा दुपारी टिंगू लिंबाखाली बसून जबडा आडवा हलवत होता. रवंथ! कोटीपोट कामाला लागल्याची खूण. एप्रिलअखेर तो सलग चार दिवस दोनशे ग्रॅमच्या वर खुराक खायला लागला, वजन नऊच्या पुढे गेलं, आणि शेवटची बाटली बंद झाली. या वेळी तो एक संध्याकाळ ओरडला, इतकंच.

हिरवं गवत आमच्याकडे जूनशिवाय नाही. कोवळ्या गवतावर एकदम सोडलं तर पोटफुगी, हगवण, शिवाय जंत. आंत्रविषार हा रोग तर खाणं अचानक बदललं की गाठतो, आणि चांगलं धडधाकट कोकरू एका रात्रीत जातं. म्हणून पावसाआधी लस, जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, आणि पहिले काही दिवस आधी कोरडा चारा, मग तास-दोन तास गवत.

आता दोघं बांधावर चरतात. बाटली दाखवली तरी डॉली वळून बघत नाही, टिंगू बघतो पण येत नाही. याचं काकूला थोडं वाईट वाटतं. दिवाळीनंतर वाडा आला की डॉलीला कळपात द्यायचं ठरलंय. टिंगू नर आहे, त्याचं काय करायचं हा विषय काका काढतात आणि काकू उठून चहा टाकायला जाते.