खबर तरी द्यावी

गोरेगाव पश्चिमेला आमची उर्दू माध्यमाची शाळा. तिथल्या संगणक खोलीत आठ संगणक आहेत. एका कचेरीने नवे घेतले, तेव्हा हे जुने आमच्याकडे आले. विंडोजचा परवाना घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही त्यांवर ‘डेबियन’ ही लिनक्सची मोफत प्रणाली चढवली. पडद्यावर नस्तालीक अक्षरांत आपलं नाव उमटलेलं पाहिलं की मुलांचे डोळे लकाकतात. त्यांतल्या अनेकांच्या घरी संगणक नाही. मोबाइल आहे, तोही अब्बा कामावरून परतल्यावर हाती येणारा.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती आली. ती चढवायला गेलो तर कळलं, आमच्या प्रणालीसाठी ती नाहीच. ३२ बिटांच्या जुन्या पीसीवर ती बसवण्याची सोय बंद झाली होती. आम्ही खवळलो. फुकट वाटणारेही शेवटी गरिबालाच दार दाखवतात, असं शिक्षकांच्या खोलीत बोलून मोकळे झालो.

रात्री शांतपणे वाचत बसलो, तेव्हा दुसरी बाजू दिसू लागली. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी तो वेगळा ‘बिल्ड’ करावा लागतो, म्हणजे त्या यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो. डेबियनमध्ये अशी साठ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. एखादं पॅकेज जुन्या यंत्रापाशी अडलं, की दुरुस्तीला कुणीतरी बसायला हवं. आणि बसणारे बहुतेक स्वयंसेवक. ३२ बिटांत एका प्रोग्रामला चार जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरता येत नाही. आजचे मोठे प्रोग्राम बिल्ड होतानाच तेवढी गिळतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून त्याच ३८६ चा आधार काढून टाकला गेला. जन्माचं घरही एक दिवस सोडावं लागतं.

आणि आम्ही काय केलं? इतकी वर्षं वापरलं, पण एक चूक कधी कळवली नाही. नवी आवृत्ती येण्याआधी ती आमच्या यंत्रावर चालवून कशी चालते ते सांगितलं नाही. जून २०१९ मध्ये उबंटूने ३२ बिटांची पॅकेजेस बंद करण्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा संगणकावर खेळ खेळणाऱ्यांनी आणि खेळांच्या कंपनीने ओरड केली, आणि आठवडाभरातच निवडक पॅकेजेस ठेवण्याचं ठरलं. बोलणाऱ्यांचं ऐकलं गेलं. गोरेगावच्या एका शाळेत आठ यंत्रं आहेत, हे कुणाला कुठून कळणार?

त्या रात्री अब्बांची आठवण सारखी येत होती. ते पलीकडच्याच खोलीत झोपले होते. आठवण आली ती त्यांच्या जुन्या दिवसांची. अब्बा कातिब. मुंबईच्या एका उर्दू वर्तमानपत्रात बरूच्या कलमाने मजकूर लिहायचे. १९९४ मध्ये इनपेज आलं आणि नस्तालीक संगणकावर उतरू लागलं. पुढच्या काही वर्षांत कातिबांच्या बैठका रिकाम्या झाल्या. अब्बांना एका गुरुवारी सांगण्यात आलं, शनिवारपासून येऊ नका. आम्ही तेव्हा लहान होतो. अब्बांनी कलमदान कपाटावर ठेवलं आणि अम्मीला एवढंच म्हणाले, “मशीन तो आनी ही थी. खबर तो देते.”

डेबियनवाल्यांनी मात्र खबर दिली होती. डिसेंबर २०२३ मध्येच, म्हणजे वीस महिने आधी, त्यांनी हे येणार असल्याचं जाहीर केलं होतं. कारणही दिलं, आणि पुढे सल्लाही दिला: शक्य असेल तिथे ६४ बिटांची प्रणाली नव्याने चढवा, नसेल तर यंत्राला निवृत्त करा. खबर आम्हीच वाचली नव्हती. रागावायचं तर स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक संगणकावर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन पाहिलं. आठपैकी पाच प्रोसेसर ६४ बिटांचे निघाले! चढवताना आम्हीच जुन्या सवयीने ३२ बिटांची प्रणाली घातली होती. ते पाच तेराव्या आवृत्तीवर गेले. उरलेल्या तिघांवर बारावीच ठेवली, इंटरनेटची तार काढली, आणि वर्षाअखेरपर्यंत टाइप करण्यापुरते ते वापरायचे असं ठरवलं.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, हे तीन फेकणार का?” तिची जागा त्यांतल्याच एकापाशी होती.

संध्याकाळी घरी आलो आणि कपाटावरचं कलमदान खाली काढलं. अब्बांचा हात आता थरथरतो. तरी त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: हे तीन संगणक एप्रिलअखेर बंद होतील; ज्यांचं काम त्यांत आहे, त्यांनी तोपर्यंत सरांकडून उतरवून घ्यावं. शेवटच्या ओळीत एक नुक्ता जरा सरकला. अब्बा म्हणाले, “दुसरा लिख दूँ, बेटा?”

आम्ही म्हटलं, “नको अब्बा, हाच लावतो.”

कागद आता खोलीच्या दारावर आहे.